अकरा साड्यांवरचं धान

रजिस्ट्रीच्या खिडकीपुढं रांग लागली की लोकांना बघायला दोनच गोष्टी उरतात. एक भिंतीवरचा दरांचा तक्ता आणि दुसरी खिडकीपलीकडची बाई. तक्ता कोणी वाचत नाही. पौर्णिमा रामटेके बालाघाटच्या त्या पोस्टात, मधल्या बदल्या सोडल्या तर, एकोणीस वर्षं बसते आहे. तितकीच वर्षं लोक तिची साडी बघत आले आहेत.

तिचं आडनाव शहरात फार थोड्यांना माहीत आहे. स्टेशनवर कुठल्याही ऑटोवाल्याला ‘पेंटवाली मैडम’ म्हटलं की तो बरोबर तिच्या वॉर्डात आणून सोडतो. हे नाव तिला आवडायचं. त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत लोक खिडकीतून आधी तिचं आडनाव विचारायचे आणि उत्तर मिळालं की नोट तिच्या हातात न देता फळीवर ठेवायचे. पुढं आडनाव विचारणं कमी होत गेलं आणि साडीबद्दल विचारणं वाढत गेलं. हा फरक आपण आपल्या हातानं पाडला, असं ती मानत होती. ते बरंचसं खरंही होतं.

नोकरी लागली तेव्हा कामावर नेसण्यासारख्या तिच्याकडं तीनच साड्या होत्या. त्यातली एक बदामी, वारासिवनीच्या हातमागावरची. तिच्या निऱ्यांवर एके दिवशी शिक्क्याच्या पॅडची शाई सांडली. लिंबू, मीठ, रिठा, सगळं करून झालं. डाग पसरला, गेला नाही. रविवारी तिनं कापडावर लावायचे रंग आणले आणि डागाभोवती पिंपळाची पानं काढली. सोमवारी पोस्टातल्या बड्या बाबूनं विचारलं, “कहाँ से ली?” ती म्हणाली, “बनाई है.” बाबूनं चष्मा कपाळावर चढवून दुसऱ्यांदा बघितलं. त्या दुसऱ्यांदा बघण्यावर तिचं पुढचं सगळं उभं राहिलं. त्यानंतर रंगवल्याशिवाय तिनं साडी नेसली नाही. ब्लाऊजही घरीच शिवायची, आणि पदरावरचं एखादं पान बाहीवर आणून ठेवायची. लग्न झालं नाही. ‘जमलं नाही’ एवढंच ती सांगते. रविवार मोकळे होते.

गेल्या आठ-दहा वर्षांत तिनं साडीवर धान काढायचं धरलं. हा सगळा मुलूखच धानाचा. पदरावर शेताची हिरवी बांधी आणि तिच्यात उभी रोपं काढली की रांगेतले लोक म्हणायचे, “ये तो अपना बालाघाट है, मैडम.” ती स्वतः रेल्वेतल्या गँगमनची मुलगी. क्वार्टरमध्ये वाढली. धान तिनं बघितलं ते चालत्या गाडीच्या खिडकीतून.

शेजारचा लोकेश ऑटो चालवतो. त्याची बायको सरिता कटंगीकडच्या खेड्यातली. तीन वर्षांपूर्वी ती एका रविवारी मुलीला कडेवर घेऊन पौर्णिमाच्या ओसरीवर येऊन उभी राहिली आणि रंग भरणं बघत राहिली.

“मावशी, मले शिकवा नं.”

“तुझी सासू ओरडेल.”

“तिले म्हणीन, मॅडमकडं पोरगी खेळून राह्यली.”

पौर्णिमानं शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. नवं कापड रात्रभर पाण्यात ठेवून खळ काढायची. नाहीतर रंग धाग्यात शिरत नाही, वरच बसतो आणि चौथ्या धुण्याला पापुद्र्यासारखा सुटतो. रंग झाला की दोन दिवस सावलीत वाळवायचं, मग उलट्या बाजूनं इस्त्री. गडद हिरव्यात थेंबभर तपकिरी घातला की पान खरं दिसतं. सरितानं हे महिनाभरात उचललं. धान कसं असतं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्याच हिवाळ्यात पौर्णिमाचा उजवा हात कापायला लागला. शिक्का मारताना नाही, पावती लिहिताना जरासा. पण बारीक ब्रश कापडाला टेकवायच्या नेमक्या क्षणी खूप. गोंदियाच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, वयानं काहींना होतं, धोका काही नाही. धोका नाही हे ऐकून ती परत आली आणि बारीक रेघांचं काम तिनं सरिताकडं दिलं.

आधी पानांच्या शिरा दिल्या. मग काठ. मग एका साडीवरचं सगळं धान सरितानंच काढलं, पौर्णिमानं खालची जाड पट्टी तेवढी भरली. ती साडी नेसून ती पोस्टात गेली. रांगेतल्या एकानं विचारलं, “ये भी आपने बनाई?” ती म्हणाली, “हाँ.” पट्टी तिचीच होती.

संध्याकाळी सरिता दारातच उभी होती. “काय म्हणले लोकं?”

“चांगली झाली म्हणाले.”

“अगं माय! माझं धान पोस्टात जाऊन आलं,” सरिता हसली. “मी नाही गेली अजून पोस्टाच्या आत.”

दुसऱ्या साडीवर पट्टीसुद्धा पौर्णिमाची नव्हती. मग तिसरी झाली, चौथी झाली. लोक विचारत राहिले आणि ती ‘हाँ’ म्हणत राहिली. लोक काय म्हणाले हे विचारायचं सरितानं कधीतरी बंद केलं. पौर्णिमाच्या ते लक्षात आलं होतं. त्यावर विचार करायचं तिनं पुढं ढकललं.

डिसेंबरात वॉर्डातल्या बुद्धविहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष संध्याताई गजभिये घरी आल्या. निवृत्त शिक्षिका, बोलल्या की समोरच्यानं उतरवून घ्यावं, अशा सुरात बोलतात.

“मॅडम, यंदा तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, तुमचा सत्कार आहे. साड्या घेऊन या. दोरीवर लावू, बायांना बघायला होईल.”

पौर्णिमानं ट्रंक उघडली. स्वतःच्या हातच्या, दाखवण्यासारख्या, सात साड्या निघाल्या. तेवढ्या पुरल्या असत्या. तिनं अकरा नेल्या. शेवटच्या चार जास्त चांगल्या होत्या म्हणून नेल्या. दुसरं कारण तिला नंतरही सापडलं नाही.

तीन तारखेला विहाराच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली होती. जुनी साडी आधी, नवी शेवटी. गोदाबाई हात मागं बांधून एकेका पदरापाशी थांबत चालली होती. गोदाबाई सत्तरी ओलांडलेली. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या बांध्यांत वाकून धानाच्या रोपांचा रोवणा केलेला. तिचा आवाज शेताच्या एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर पोचावा असा तयार झालेला, आणि तो घरातही तसाच राहिलेला.

“अवं पौर्णिमा, हे धान कोण्या गावचं व?”

“काहून, गोदाबाई?” संध्याताईंनी विचारलं.

“उभंच्या उभं आहे. कंबर सरळ, मान सरळ. पोलिसात भरती व्हाले चाललं काय?”

हॉल हसला. गोदाबाईला हसण्याशी काही देणं नव्हतं. ती साडीकडंच बघत होती. “अवं, दाणा भरला का लोंब मान टाकते. हे पोचट आहे. हे बी पोचट. सातही लुगडे पोचट!”

मग ती आठव्या साडीपाशी आली आणि थांबली. पदर हातात घेऊन उजेडाकडं धरला. “अन् हे भरलं. कापाले आलं हे. आता दोन दिवस ठेवलं तं दाणा झडन.” तिनं मान वळवली. “हे कोनं काढलं?”

सगळ्यांनी पौर्णिमाकडं बघितलं. पौर्णिमानं तिसऱ्या रांगेकडं बघितलं. सरिता तिथं सतरंजीवर बसली होती, पुढ्यात तिची चार वर्षांची मुलगी मयुरी. मयुरीच्या वेणीची रिबन सोडून ती पुन्हा बांधत होती. रिबन आधीच नीट बांधलेली होती.

“मीच काढलं,” पौर्णिमा म्हणाली. “पाहून पाहून शिकली.”

“सत्तावनाव्या वर्षी पिकलं वं बाईचं धान!” मागून कोणीतरी ओरडलं, आणि टाळ्या पडल्या. सरितानंही वाजवल्या. इतरांच्या आधी थांबली.

एवढ्यावर संपलं असतं. पण संध्याताईंनी पांढरी ओढणी, लाकडी रिंग, रंगाच्या बाटल्या, सगळं आधीच आणून ठेवलं होतं. “आता मॅडम, थोडं करून दाखवा. पोरींना शिकायला होईल.”

“चष्मा राहिला घरी,” पौर्णिमा म्हणाली.

“मॅडम, गळ्यात आहे नं,” पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली. तिनं ते मदत म्हणून सांगितलं होतं.

पौर्णिमानं चष्मा लावला, ब्रश बुडवला. ब्रश ओढणीच्या वर बोटभर अंतरावर आला आणि थरथरायला लागला. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. हिरव्या रंगाचा थेंब नको तिथं पडला. पंखा आवाज करतो हे सगळ्यांना ऐकू आलं.

सरिता उठली. मयुरीला गोदाबाईच्या मांडीवर ठेवून पुढं आली. “मॅडमच्या हातात कालपासून लचक आहे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “मॅडम सांगतीन, मी भरते.”

तिनं ब्रश घेतला आणि पेन्सिल न लावता पाच-सहा फटक्यांत धानाचा एक झुपका उतरवला. वाकलेला, जड, दाण्यांनी भरलेला. “मॅडमनंच शिकवलं,” ती मान वर न करता म्हणाली.

गोदाबाईनं ओढणी बघितली. मग दोरीवरची आठवी साडी बघितली. मग पौर्णिमाकडं बघितलं, आणि काही बोलली नाही. गोदाबाईनं काही न बोलणं ही त्या वॉर्डात नवीन गोष्ट होती. पौर्णिमाला शाल दिली गेली. फोटो काढताना संध्याताईंनी तिला दोनदा ‘हसा’ म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती चार साड्या पिशवीत घालून शेजारी गेली. सरिता सुपात तांदूळ निवडत होती.

“ह्या तुझ्या आहेत. तू नेस.”

सरितानं हात पुसले, पण पिशवीला लावले नाहीत. “कुठं नेसू?”

“माहेरी जाशील तेव्हा.”

“लोकं म्हणतीन, मॅडमनं आपल्या जुन्या देल्ल्या. मनाच्या चांगल्या आहेत मॅडम.”

या घरात सरिता तिला तीन वर्षं मावशी म्हणत आली होती. मॅडम ती लोकांसमोर म्हणायची.

“मग काय करू मी, सांग.”

“मले काय विचारता? सगळ्याईसमोर मीच काढलं म्हणलं, तवा मले विचारलं होतं काय?”

“तू पण खोटं बोललीस,” पौर्णिमा म्हणाली. “लचक आहे म्हणालीस.” या सगळ्या प्रकरणात पुढं तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या वाक्याची.

सरितानं सूप खाली ठेवलं. “हौ, बोलली. तुमची लाज राखाले बोलली. तुमी कोणाची राखाले बोलल्या?”

पौर्णिमा पिशवी घेऊन परत आली. रविवारी वंदना झाल्यावर ती विहारात उभी राहिली. पोस्टातल्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर तिनं तीन वाक्यं लिहून आणली होती. शेवटच्या चार साड्या सरिताच्या आहेत. त्यांच्यावरचं सगळं धान तिनं काढलं आहे. आणि त्या दिवशी मी खोटं बोलले.

पहिली दोन वाक्यं तिनं वाचली. दुसऱ्या वाक्याला बायकांचे चेहरे उजळले. कोणीतरी ‘वा’ म्हटलं. पौर्णिमानं कागदाची घडी घातली आणि ती खाली बसली.

“एवढं मोठं मन कोणाचं राहते आजकाल!” एक बाई म्हणाली. “आपल्या हाताखालच्या पोरीले असं पुढं कोण करते?” संध्याताईंनी हे अहवालात घालायचं ठरवलं. मंगळवारपर्यंत बातमी खिडकीवरही आली. “सुना मैडम, आपने पड़ोस की बहू को आगे कर दिया. बड़ी बात है.” पौर्णिमानं पावती फाडून दिली. न वाचलेल्या वाक्यानं तिला आधी होतं त्यापेक्षा जास्त मिळवून दिलं होतं, हे तिला त्या पावतीइतकं स्पष्ट दिसत होतं.

त्या आठवड्यात ती आपली जुनी साडी नेसून गेली, ताठ धानाची. दिवसभर तिला ती गोदाबाईच्या डोळ्यांनी दिसत राहिली. रांगेत पायात चिखल वाळलेली माणसं होती, हट्टा, कटंगी, लालबर्रा अशा आसपासच्या गावांतली. इतकी वर्षं हीच माणसं समोर उभी होती. जन्मभर धान लावणारी, कापणारी. पोचट धान त्यांना पहिल्या नजरेत कळलं असणार. तरी त्यांनी ‘बढ़िया है मैडम’ म्हटलं होतं, आणि ती ते खरं धरून घरी जात होती. तिनं पदर पुढून घेऊन मांडीवर दडपला.

गुरुवारी सकाळी मधल्या भिंतीपलीकडं सरिता नळावर बादली भरत होती. नळ चालू असतानाच बोलली, पाठ वळवूनच.

“माझं नाव सांगतलं तुमी. तुमचं खोटं नाही सांगतलं.”

“सरिता—”

“आधी धान तुमचं होतं. आता माझं नाव बी तुमीच देल्लेलं झालं.” तिनं नळ बंद केला. “त्याच्यापेक्षा नसतं सांगतलं तं बरं होतं, मॅडम. कमसे कम मले तं माहीत होतं, कोनाचं आहे.”

ती बादली उचलून आत गेली. सत्कारानंतर ती ओसरीवर आलीच नव्हती. मयुरीलाही पाठवेनाशी झाली.

पुढच्या रविवारी पौर्णिमा पुन्हा उभी राहिली. या वेळी हातात कागद नव्हता. पुढच्या रांगेतल्या दोघी टाळ्यांच्या तयारीत तिच्याकडं बघत होत्या. तिनं ते राहिलेलं वाक्य म्हटलं. कोणाला काही उलगडलं नाही. कशाबद्दलचं खोटं, हे तिला फोडून सांगावं लागलं.

“गोदाबाईनं विचारलं होतं, हे कोनं काढलं. मी म्हटलं, मीच. ते खोटं होतं. बोलताना मला माहीत होतं. सरिता समोर बसली होती, तिच्याकडं बघूनच बोलले. त्याच्या आधी दोन वर्षं पोस्टातही हेच सांगत होते. आणि माझ्या हातात लचक नव्हती. माझा हात कापतो. तीन वर्षं झाली, मला बारीक काम होत नाही. लचक आहे असं सरिताला माझ्यासाठी बोलावं लागलं. मागच्या रविवारीही मी अर्धंच सांगितलं, आणि तुम्ही वाहवा केली ती मी घेतली.”

टाळ्या पडल्या नाहीत. दोघींनी हात खाली घेतले. एक बाई हलक्या आवाजात म्हणाली, “जाऊ द्या नं मॅडम, एवढी मोठी गोष्ट नाही.”

“मोठी नाही तं दोन आठोडे काहून लागले तिले?” गोदाबाई म्हणाली.

त्यावर कोणी हसलं नाही. संध्याताईंनी वहीचं पान उलटलं आणि पुढचा विषय काढला: हॉलचा पंखा दुरुस्तीला कोण नेणार. बायका लगेच, जरा जास्तच उत्साहानं, पंख्याबद्दल बोलायला लागल्या.

पौर्णिमा अजून उभीच होती. पुढं ती बसायची ती जागा तिच्या पर्सनं धरून ठेवली होती. तिसऱ्या रांगेत सरितानं सतरंजीवर पेंगणाऱ्या मयुरीला उचलून मांडीवर घेतलं. तिच्या बाजूला एका माणसापुरती जागा झाली. ती जागा केली होती की झोप आलेल्या पोरीला नुसतं उचललं होतं, हे सरिताच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तिनं वर बघितलं नाही.

पौर्णिमानं पुढची पर्स उचलली. तिसऱ्या रांगेपाशी ती क्षणभर रेंगाळली. मग तशीच मागं गेली आणि दाराजवळ, चपला काढून ठेवल्या होत्या तिथं, फरशीवर बसली.